चिठ्ठीवरचे गाव
किलीमासे आणि घरातील काचपेटी यांचा एक इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला टपालाने एक लहानसे पाकीट पाठवले. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वापरून झालेल्या चहाच्या चोथ्यासारखा ओलसर तपकिरी भुगा, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या: 'नोथोब्रँकियस गुंथेरी', त्याखाली 'झांझिबार', आणि त्याखाली एक तारीख. त्या भुग्यात माशांची अंडी होती. तीन महिन्यांनी तो भुगा गार पाण्यात सोडायचा आणि काही तासांत पिले पोहू लागतील, असे त्याने फोनवर सांगितले. वर एक सूचनाही दिली, "सर, अंडी खराब झाली तर पुन्हा पाठवीन, पण चिठ्ठी हरवू नका."

आम्ही मराठीचे अध्यापक. आमच्या घरी पाणवनस्पती लावलेली एक काचपेटी होती, पण मत्स्यपालनातले आमचे ज्ञान हौशीपलीकडचे नव्हते. तरीही या सूचनेने आम्ही थबकलो. हस्तलिखितांत वावरणाऱ्याला चिठ्ठीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पोथीच्या अखेरीस लेखनिकाने लिहिलेली पुष्पिका, म्हणजे शक, स्थळ, कोणासाठी व कोणत्या प्रतीवरून नकलले याची नोंद, गळाली की पोथी राहते, पण तिचे कुळ जाते. माशांच्या बाबतीत ही जाणीव कोठून आली, कोणी रुजवली, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा आला आणि त्याचा माग काढता काढता घरातील काचपेटीचा सगळाच इतिहास उलगडत गेला. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा वृत्तांत आहे.

प्रथम नावाविषयी. 'किलीफिश' हे नाव ऐकताच बहुतेकांना इंग्रजीतील 'ठार मारणे' आठवते व हा मासा मारकुटा असावा असे वाटते. वस्तुतः 'किल' हा डच शब्द आहे. अर्थ ओहोळ, खाडीचा फाटा. आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरात सतराव्या शतकात डच वसाहत होती आणि तिथल्या कित्येक ओढ्यांच्या नावांत हा शब्द अजून टिकून आहे. ओहोळातला मासा तो किलीफिश. पुढे हे नाव एका मोठ्या गोतावळ्याला लागले. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत मिळून या गोतावळ्याच्या बाराशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक बोटभर लांबीच्या, डबकी, ओहोळ, पाणथळ जागा यांत राहणाऱ्या. नद्यांचे आणि समुद्रांचे मासे इतिहासात येतात; डबक्यांतले सहसा येत नाहीत. हे मात्र आले, आणि ते आले काचपेटीच्या मार्गाने.

पेटीतले पूर्ण जग

घरात काचेच्या भांड्यात पाणी ठेवून त्यात सजीव जगवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. सिसिलीतील मेसिना येथे जान विलप्र-पॉवर या फ्रेंच स्त्रीने १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला असे आढळले की, बंद काचपात्रातल्या ओलसर मातीत नेच्याचे रोप बाहेरून पाणी न घालताही वाढते. १८४२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. 'वॉर्डची पेटी' दिवाणखान्यात शोभली आणि जहाजांवरही चढली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे चहाची हजारो रोपे आणली ती याच पेट्यांतून. एका जागचा जीव काचेत घालून दुसरीकडे नेता येतो, हे या पेटीने साम्राज्याला शिकवले. १८४५ मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर रद्द झाला आणि मध्यमवर्गाच्या घरात काच मुबलक आली.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग समजून घ्यावा लागतो. १८४९ मध्ये त्याने सुमारे बारा गॅलन पाण्याच्या भांड्यात दोन सोनमासे सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. वनस्पतीची कुजकी पाने साठून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली. त्यांची अंडी माशांनी खाल्ली. माशांच्या मलावर वनस्पती वाढली. मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने ही हकीकत निबंधरूपाने मांडली. प्राणी आणि वनस्पती परस्परांना तोलून धरतात, हा त्याचा निष्कर्ष. 'संतुलित मत्स्यालय' या कल्पनेचे हे बीज.

या कल्पनेची मोहिनी आज समजणे अवघड नाही. धुराने काळवंडलेल्या शहरात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, स्वतःपुरते पूर्ण असलेले एक जग. त्याला काही द्यावे लागत नाही, त्यातून काही काढावे लागत नाही. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाचे 'द अक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि हा शब्द घरोघर गेला. १८५६ मध्ये जर्मनीत एमिल आडोल्फ रॉसमेस्लर याने 'काचेतले सरोवर' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख एका लोकप्रिय कौटुंबिक साप्ताहिकात लिहिला. हा गृहस्थ १८४८ च्या क्रांतिपर्वात फ्रँकफर्टच्या संसदेत होता व त्यापायी त्याची अध्यापकाची नोकरी गेली होती. लोकशिक्षण हा त्याच्यापुढे उरलेला मार्ग, आणि काचपेटी हे त्याचे एक साधन.

या उत्साहाची दुसरी बाजू इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असेल. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या झुंडींनी किनाऱ्यावरची खडकांमधली कुंडे कशी ओरबाडून काढली आणि वडिलांनाच त्याचे किती दुःख झाले, हे त्याने त्यात नोंदवले आहे. जे दाखवायचे, त्याचाच नाश व्हावा, आणि तो द्वेषाने नव्हे, प्रेमाने व्हावा, ही काचपेटीच्या इतिहासातली पहिली शोकांतिका. ते जीव कोणत्या कुंडातून आले, हे बहुतेक दिवाणखान्यांत कोणी लिहून ठेवले नाही. जी पेटी स्वतःला पूर्ण जग मानते, तिला गावाची गरज वाटत नाही.

संतुलनाची कल्पना मात्र शंभर वर्षे टिकली. १९४९ मध्ये जेम्स ॲट्झ याने तिला सरळ 'मिथक' म्हटले. भांड्यातल्या पाण्यात प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागातून मिसळतो. वनस्पती दिवसा जो देतात त्यातला काही रात्री स्वतःच वापरतात. माशांच्या मलातील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू वॉरिंग्टनच्याही भांड्यात होतेच. फक्त ते दिसत नव्हते. वनस्पतींची उपयुक्तता यामुळे कमी होत नाही. त्या अमोनिया शोषतात, मादीला लपायला आडोसा देतात, पिलांसाठी सूक्ष्मजीव पोसतात. पण भांडे स्वयंपूर्ण नसते. कोणीतरी पाणी बदलत असतो, खाऊ घालत असतो. पेटीबाहेरचा तो हात या कल्पनेने हिशेबातून वगळला होता.

पाणी आटवण्याची विद्या

त्या हाताला खरे महत्त्व आणून दिले ते किलीमाशांनी.

विसाव्या शतकाच्या आरंभी हँबर्गसारख्या जर्मन बंदरांतून उष्ण कटिबंधातले मासे हौशी लोकांकडे पोहोचू लागले. आजच्या गॅबनमधील केप लोपेझच्या परिसरातला, वीणेच्या आकाराच्या शेपटीचा, तांबूस-केशरी झळाळीचा एक किलीमासा १९१३ मध्ये जर्मनीत आला. तो दुसऱ्याच एका माशाचा प्रकार समजला जात होता. १९२१ मध्ये आर्थर राखोव याने त्याचे जे वर्णन केले त्यातही 'प्रकार' म्हणूनच त्याची नोंद झाली. नाव आणि वस्तू यांची ही फारकत पुढे या माशांच्या पालकांना वारंवार छळणार होती.

किलीमाशांच्या प्रजननाच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. काही जाती वनस्पतींवर अंडी घालतात. मादी दररोज थोडी थोडी अंडी जावा मॉससारख्या शेवाळात किंवा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत चिकटवते. पाळणारे त्याऐवजी लोकरीचे झुबके बुचाला बांधून पाण्यात सोडतात आणि रोज बोटांनी चाचपून अंडी वेचतात. मोहरीहून लहान, पण कडक. चिमटीत धरली तरी फुटत नाहीत. दोनेक आठवड्यांत पिले निघतात. आईबापांपासून ती वेगळी ठेवावी लागतात, कारण या कुटुंबात वात्सल्य नाही.

दुसरी तऱ्हा चकित करणारी आहे. पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियस आणि दक्षिण अमेरिकेतील त्यांचे काही दूरचे भाऊबंद ज्या डबक्यांत राहतात ती पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात पूर्ण आटतात. मासे मरतात, चिखलातली अंडी उरतात. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स याने १९५२ मध्ये अशा माशांना 'वार्षिक मासे' म्हटले, शेतकरी वार्षिक पिके म्हणतो तसे. १९७२ मध्ये जॉन वुर्म्स याने या अंड्यांच्या वाढीत तीन विराम असल्याचे दाखवले. गर्भ ठरावीक टप्प्यांवर थांबू शकतो, महिनोन्‌महिने. सगळी अंडी एकाच वेळी थांबत नाहीत आणि एकाच वेळी जागीही होत नाहीत. अवकाळी सर पडून डबके भरले व आठवड्यात आटले, तर उमलेली पिले जातात. पण न उमललेली अंडी खऱ्या पावसाची वाट पाहत चिखलात राहतात. मृगाच्या फसव्या सरीवर पेरून नंतर दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याला ही तजवीज समजावून सांगावी लागणार नाही.

असा मासा घरात वाढवायचा तर घरात उन्हाळा करावा लागतो. तळाशी पीटचे, म्हणजे दलदलीत कुजलेल्या शेवाळाच्या भुग्याचे, पसरट भांडे ठेवायचे. नर मादीला त्यात दाबतो आणि अंडी भुग्यात जातात. आठवड्या-पंधरवड्याने भुगा काढून, पिळून, पिशवीत बांधायचा. ओल इतकीच की मुठीत दाबले तर थेंब गळू नये. मग वाट पाहायची. अधूनमधून भिंगातून पाहावे तो अंड्यात सोनेरी कडेचे दोन डोळे दिसू लागतात. तेव्हा गार पाणी ओतायचे. वॉरिंग्टनने पाणी कायम राखण्याची विद्या शोधली होती. इथे ते वेळेवर आटवण्याची विद्या शिकावी लागते. स्वयंपूर्ण भांड्याचे स्वप्न या माशापुढे टिकत नाही. त्याचे जग म्हणजे विशिष्ट जागेचा विशिष्ट पावसाळा, आणि पाळणाऱ्याला त्या पावसाळ्याचे काम करावे लागते.

हौशींची पाठचिकित्सा

ओल्या भुग्यात महिनोन्‌महिने टिकणारे अंडे टपालाने पाठवता येते. या साध्या सोयीने एक समाज निर्माण झाला. १९६१ मध्ये अमेरिकन किलीफिश असोसिएशन स्थापन झाली. ब्रिटन व जर्मनीतही त्याच दशकात अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. सभासद शिक्षक, कामगार, टपाल कर्मचारी, डॉक्टर असे कोणीही. नियतकालिके काढायची, अंडी अदलाबदल करायची. आणि याच देवघेवीत चिठ्ठीचा नियम घडत गेला.

त्यामागे यॉर्गन शेल या डॅनिश सैन्यातील कर्नलचे मोठे काम आहे. दिसायला सारख्या पण वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या किलीमाशांचा त्याने वर्षानुवर्षे संकर करून पाहिला, त्यांची गुणसूत्रे मोजली. डोळ्यांना एकच वाटणाऱ्या माशांची संतती अनेकदा वांझ निघे. गुणसूत्रांची संख्याही जुळत नसे. १९६८ मध्ये 'रिव्ह्युलिन्स ऑफ द ओल्ड वर्ल्ड' या ग्रंथात त्याने हे सारे मांडले. त्यातून घेण्याचा धडा असा: आज ज्याला आपण एक जात म्हणतो ती उद्या तीन ठरेल, तेव्हा नावावर विसंबू नका, मासा कोठे पकडला ते लिहा, आणि दोन गावचे मासे एकत्र करू नका.

म्हणून किलीमाशांच्या चिठ्ठीवर जातीच्या नावाखाली गावाचे नाव असते. फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी या पश्चिम आफ्रिकी माशाचे वंश 'आकुरे', 'लाफिया', 'मिसाजे', 'न्सुक्का' अशा गावांच्या नावांनी ओळखले जातात. यांतले न्सुक्का म्हणजे चिनुआ अचेबे यांनी ज्या विद्यापीठात अध्यापन केले ते गाव. युरोपातल्या एखाद्या तळघरात, त्या गावी कधीही न गेलेला माणूस, 'न्सुक्का' आणि 'आकुरे' वेगळ्या पेट्यांत ठेवतो, पिढ्यान्‌पिढ्या. ज्या ओहोळांतून ते आले त्यांचे पुढे काही झाले तरी हे वेगळेपण राहावे म्हणून.

आमच्या विषयातील तुलना येथे टाळता येत नाही. ज्ञानदेवांनंतर तीनशे वर्षांनी एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, कारण हातोहात नकलताना पाठ मिसळले होते. पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये त्यांना लाभलेली प्रत छापली, ती एकनाथपूर्व आहे या दाव्यासह. आणि प्रतीचे कुळ कोणते, यावर वाद झाला. दोन परंपरांचे पाठ एकदा मिसळले की ते वेगळे करण्यास विद्वानांच्या पिढ्या लागतात, आणि तरी खात्री नसते. दोन गावचे मासे एकदा मिसळले की तेवढीही आशा राहत नाही. राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या माळ्यांवरून दप्तरे जमवली तेव्हा त्यांच्यामागेही विद्यापीठ नव्हते. 'हौशी' हा शब्द आपण रंगभूमीपासून संशोधनापर्यंत जरा कमी लेखून वापरतो. या कामात हौशी माणसाजवळ असलेली गोष्ट पगारी माणसाजवळ क्वचित असते: कोणी विचारत नसतानाही तीस वर्षे तीच नोंद ठेवण्याची चिकाटी.

एका नोंदीचे फळ

याचा पडताळा एका उदाहरणाने देतो. आजच्या झिंबाब्वेच्या आग्नेयेस, गोनारेझू येथील आटणाऱ्या डबक्यांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक किलीमासा मिळाला. १९७१ मध्ये आर. ए. जब याने त्याचे वर्णन करून तो शोधणाऱ्या फुर्झर या हौशी संग्राहकाच्या नावावरून त्याला नोथोब्रँकियस फुर्झेरी म्हटले. आणि हे वर्णन प्रसिद्ध झाले ते अमेरिकन किलीफिश असोसिएशनच्या नियतकालिकात. त्या डबक्यातील माशांचे वंशज पुढे तीस वर्षे हौशी लोकांच्या पेट्यांत, भुग्यात, टपालात राहिले. चिठ्ठीवर 'जीआरझेड' ही तीन अक्षरे, गोनारेझूची खूण.

२००३ मध्ये स्टेफानो वाल्देसालिची आणि आलेस्सांद्रो चेल्लेरिनो या इटालियनांनी दाखवले की या वंशाचे मासे भरपूर खाऊ-पाणी मिळूनही तीन महिन्यांच्या आतबाहेर म्हातारे होऊन मरतात. प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत इतके अल्प आयुष्य माहीत नव्हते. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांना जे पाहायला उंदरामध्ये तीन वर्षे थांबावे लागे, ते येथे एका ऋतूत दिसू लागले. २०१५ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, २००४ मध्ये, मोझांबिकमधून याच जातीचे मासे आणले गेले. त्यांच्या चिठ्ठीवर देश, वर्ष व जागेचा क्रमांक सांगणारे 'एमझेडएम ०४०३' असे संकेत. ते गोनारेझूच्या माशांहून स्पष्टपणे अधिक जगतात. जात तीच, गाव वेगळे, आयुष्य वेगळे. हा फरक का, हा प्रश्न विचारता आला, कारण कोणीतरी तीस वर्षे ती तीन अक्षरे पुसू दिली नव्हती. एखाद्याने कधीतरी जागा वाचवण्यासाठी दोन पेट्या एक केल्या असत्या, तर मासे राहिले असते, पण प्रश्न गेला असता.

पण या इतिहासाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मेक्सिकोतील न्यूव्हो लेओन प्रांतात एल पोतोसी नावाचा एक झरा होता. जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या दोन किलीमाशांचे ते घर: सिप्रिनोडॉन अल्वारेझी आणि त्याहून चिमुकला मेगुप्सिलॉन अपोरस. शेतीसाठी भूजल उपसले गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास झरा संपला. दोन्ही मासे तत्पूर्वी प्राणिसंग्रहालयांत व हौशींच्या पेट्यांत पोहोचले होते. अल्वारेझी तेथे रुळला. त्याची वंशपरंपरा चालू आहे. अपोरस काचेत नीट रुजला नाही. संख्या घटत गेली आणि २०१४ मध्ये शेवटचा मासा मेला. एकाच झऱ्याची दोन लेकरे, एकाच तऱ्हेची काळजी; एक राहिले, एक गेले. आणि जे राहिले त्याच्या चिठ्ठीवर जे गाव आहे तेथे आता पाणी नाही. जतन म्हणजे परत मिळणे नव्हे. काचपेटी नकल सांभाळू शकते. झऱ्याची जागा घेऊ शकत नाही. वॉरिंग्टनच्या काळात पेटीने जो मोठा दावा केला होता, तो किलीमाशांच्या इतिहासाने असा लहान, आणि म्हणूनच अधिक खरा, करून ठेवला.

मुंबईचा मासा

आता घराकडे वळू. बुकॅनन-हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात एका लहानशा किलीमाशाचे वर्णन करताना बंगालमधील बोलीतले नावच लॅटिन नावात घेतले: 'पँचॅक्स'. फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञ व्हालान्सियेन याने १८४६ मध्ये तोच शब्द एका कुळाचे नाव म्हणून वापरला आणि त्या कुळात आणखी एक मासा घातला: पँचॅक्स लिनिएटस, आजचा ॲप्लोकायलस लिनिएटस. द्युसुमिये या प्रवाशाने हे नमुने पॅरिसला पाठवले होते. ते कोठले, याची नोंद त्या वर्णनात आहे: मुंबई.

म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या ओहोळांत, विहिरींत, भातखाचरांत पृष्ठभागालगत दबा धरून बसणाऱ्या, अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा मिरवणाऱ्या या माशाच्या शास्त्रीय चिठ्ठीवरचे गाव आपले आहे. त्या गावातल्या पाण्याचे पुढे काय झाले, हाही इतिहास आहे. १९११ मध्ये बेंटली याने मुंबईतील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि डासांचे मूळ म्हणून शहरातील विहिरींवर बोट ठेवले. विहिरी बुजवणे, झाकणे सुरू झाले. मालकांनी श्रद्धेचे आक्षेप घेतले. हे आक्षेप ऐकणाऱ्यांत महापालिकेचे एक अधिकारी होते, रुस्तम पेस्तनजी मसानी. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाहीत. त्यांतून १९१८ मध्ये 'फोकलोअर ऑफ वेल्स' हे जलपूजेवरील पुस्तक सिद्ध झाले. विहिरी गेल्या, त्यांच्या कथा पुस्तकात राहिल्या. पुढे १९२८ मध्ये डासांच्या अळ्या खाण्यासाठी गँबुझिया हा अमेरिकी मासा इटलीमार्गे भारतात आणला गेला. ज्या पाण्यात अळ्या खाणारे स्थानिक मासे मुळातच होते, तेथेही तो सोडला गेला. आज जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

आणि आपला मासा? तो दुकानात मिळतो. पिवळाजर्द, पिढ्यान्‌पिढ्या निवडून रंगवलेला, 'गोल्डन वंडर' या व्यापारी नावाने. आमच्या पेटीत कित्येक वर्षे हाच होता, आणि तो याच किनाऱ्याचा आहे हे आम्हांला माहीत नव्हते. त्याच्यासोबत चिठ्ठी नव्हती.

झांझिबारच्या त्या अंड्यांतून आमच्याकडे सतरा पिले निघाली. त्यांतली अकरा जगली, चार महिन्यांत मोठी झाली, त्यांनी भुग्यात अंडी घातली आणि वर्ष भरण्याआधीच सारी संपली. अंड्यांची पाकिटे आम्ही दोघांना पाठवली. चिठ्ठी अक्षरशः नकलून. पुढच्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याच्या गावी, कोकणात, घरामागच्या पऱ्ह्यात ते मासे दिसले, रानटी, पिवळेपणाचा मागमूस नसलेले. दोन जोड्या आम्ही आणल्या. त्यांना वेगळी पेटी दिली, जावा मॉस लावला. पेटीवर कागद चिकटवताना जातीचे नाव चटकन लिहिले गेले. पऱ्ह्याचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. सहकाऱ्याला विचारले, त्यालाही आठवेना. त्याने गावी फोन लावला आणि त्याच्या आजीने नाव सांगितले.

ते आम्ही लिहून ठेवले आहे.